घेरी न आलेली नायिका

परवा घरातली पोरं टीव्हीवर एक मालिका बघत होती. पुढच्या काळातलं जग आहे म्हणे. सगळं शहर राखाडी, माणसांचे कपडेही राखाडी, मध्ये एक उंच भिंत आणि भिंतीपलीकडे सुख. मी जरा वेळ बघितलं आणि सांगून टाकलं, आता ही पोरगी रडेल, मग पडेल, मग तो दाढीवाला तिला उचलून नेईल. तसंच झालं. पोरं म्हणाली, "आजी, तू आधी पाहिली होतीस का?" पाहिली कसली! मी त्यातच वाढले.

आमचं गाव अल्लीपूरजवळचं. धम्माची दीक्षा घेतल्यावर आमच्या वस्तीनं देवादिकांची नाटकं बंद केली आणि माझ्या मामानं नवी लिहायला घेतली. मामा हुशार माणूस, पण त्याच्या नाटकातलं राज्य दर हिवाळ्यात तेच. दुष्ट राजा, त्यानं कुलूप घातलेली विहीर, तहानलेली प्रजा, काळ्या कपड्यांतले शिपाई. नायिका विहिरीपाशी यायची, शिपाई दरडावायचे, ती घेरी येऊन पडायची आणि नायक धावत यायचा.

"मामा, तुह्या राज्यात भाकरी कोन थापते?" मी विचारायची. "आन् विहिरीले कुलूप हाय, तं शिपाई पानी कुठचं पेतेत?"

"तू लय शायनी," मामा म्हणायचा. आणि पुढचा प्रवेश लिहायला घ्यायचा.

नायिका व्हायचा मिशा काढलेला एक गडी. तो नागपूरला गिरणीत लागला आणि मामाची पंचाईत झाली. मी सतरा वर्षांची, सातवी पास, आवाज खणखणीत. म्हटलं, मी करते. आमच्या वस्तीत तोवर बाई कधी नाटकात उभी राहिली नव्हती. माझा बा जीनमध्ये, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस वाहायचा, बोलायचा कमी, पण दिलेला शब्द फिरवायचा नाही. दोन दिवसांनी म्हणाला, "कर. पन लोकं हासले, तं हे पयलं आन् शेवटचं. मंग नाटकाचं नाव काढाचं नाई."

मला तर जन्मभर हेच करायचं होतं. ते तालमीच्या पहिल्याच दिवशी कळलं होतं मला.

त्याच दिवशी मामाला सांगितलं, "मी पडनार नाई."

"काऊन?"

"जिले पानी पाह्यजे, ते पडन कायले? ते कुलूप तोडन."

मामानं कपाळाला हात लावला. "अवं माय, तू पडली नाई, तं बत्तीत हवा कवा भरू?"

तेव्हा कुठे मला खरी गोम कळली. मंचावर गॅसबत्त्या बांबूंना दोरीनं टांगलेल्या असायच्या. खेळ निम्म्यावर आला की उजेड लाल पडायचा. मग बत्त्या खाली घेऊन हवा भरावी लागायची, आणि तेवढ्यात लोकांना काहीतरी हवं. म्हणून नायिका आडवी व्हायची, गाणारे रडकं गाणं धरायचे, लोक तंबाखू मळून घ्यायचे. म्हणजे आमच्या नायिका बत्तीपायी बेशुद्ध पडत होत्या! मी पोट दुखेस्तोवर हसले आणि मग मला असा राग आला म्हणून सांगू!

"बत्तीचं तू पाह्यजो," मी म्हटलं. "मी उभीच राहीन."

मामा "बरं" म्हणाला, पण बत्तीवाल्यांना त्यानं जुनंच सांगून ठेवलं होतं: ती पडली की दोरी सोडा.

खेळाच्या दिवशी मैदान गच्च भरलेलं. मी विहिरीपाशी आले, शिपायांनी दरडावलं, आणि नेमका उजेड लाल पडायला लागला. बत्तीवाले दोरी धरून माझ्याकडे बघत उभे. मागून मामाचा दबका आवाज, "पड! पड ना वं!" गाणाऱ्यांनी तर सवयीनं रडकं गाणं धरलंही. आणि मी ताठ उभी.

"हे पानी आमचं हाय," मी ओरडले. "कुलूप काढा!"

लोकांना काही कळेना. कोणीतरी खुदकन हसलं. अंधार वाढला, माझं तोंडही दिसेना, आणि हसणं पसरत गेलं. खोटं कशाला बोलू, पडावंसं वाटलं. मनात म्हटलं, संपलं, आता जन्मात नाटक नाही.

तेवढ्यात लोकांमधून बा उठला. सरळ मंचाकडे आला. आता हाताला धरून ओढत घरी नेणार, म्हणून मी अंग चोरलं. बानं बत्तीवाल्याच्या हातून दोरी हिसकली, बत्ती खाली घेतली, माझ्या पायांशी उकिडवा बसला आणि हवा भरायला लागला. काळ्या कपड्यांतल्या शिपायांच्या मधोमध धोतर खोचलेला माझा बाप! मैदान खो खो हसलं. असं हसणं त्या गावानं कधी ऐकलं नसेल.

उजेड वर चढला. बानं मान वर केली नाही, हातही थांबवला नाही.

"हासू दे लोकायले," तो म्हणाला. "तू बोल."