अक्द खलास

रियाज सोलकरला अरबी येतं, असं दोहाच्या अल मन्सूरा भागातल्या त्याच्या बिल्डिंगीत सगळ्यांनाच वाटायचं, आणि हा गैरसमज दूर करायची घाई रियाजने कधी केली नाही. कुणाचा एसी बिघडला, कुणाचं दवाखान्यात अडलं, की लोक त्याला पुढे करायचे. मग रियाज दोन्ही हात हलवत ‘यल्ला’, ‘बुकरा’, ‘खलास’ असे शब्द पेरत जायचा आणि काम कसंबसं होऊनही जायचं. खरं सांगायचं तर त्याचं अरबी म्हणजे साइटवरचं अरबी. चला, उचला, उद्या, संपलं. सुताराचं एवढ्यावर भागतं, आणि जिथे भागत नाही तिथे हिंदी असतेच.

रियाज मूळचा रत्नागिरीजवळच्या खाडीकाठचा. वडील दारं-खिडक्या करायचे. पोराने आखातात येऊन धरलं ते मात्र सेंटरिंगचं काम. म्हणजे जिथे काँक्रीट ओतायचं तिथे आधी लाकडाचा साचा उभा करायचा, काँक्रीट घट्ट होईपर्यंत त्याला धरून ठेवायचं, आणि ते आपल्या पायावर उभं राहिलं की साचा काढून टाकायचा. जन्मभर जे केलं ते काढून टाकण्यासाठीच केलं, अशा माणसाला थोडं तरी वाईट वाटायला हवं. रियाजला वाटायचं नाही. त्याच्या वाटचं वाईट त्याची बायको अनीसा वाटून घ्यायची. समुद्राकाठी कॉर्निशवर फिरायला गेलं की रियाज पलीकडच्या टॉवरांकडे बोट करून म्हणायचा, तो बघ, तो माझा. अनीसा ओढणी सावरत विचारायची, त्यात तुमचं काय हाय? दिसतंय ते सगळं शिमीट. यावर रियाज कडक चहा आणायला उठायचा.

अनीसाची तक्रार हा त्या घरातला वाराच होता. तो पडला तर चुकल्यासारखं व्हायचं. दोन खोल्यांचं घर लहान, ऊन भयंकर, सुरमई बर्फातली, नवऱ्याच्या कपड्यांत कायम लाकडाचा भुसा. लग्नानंतर कितीतरी वर्षं ती गावाला आणि रियाज इथे बॅचलर लोकांच्या कॅम्पात, असा फोनवरचा संसार झाला होता. एकदा तो सुट्टीवर गेला असताना लहानग्या माहिराने आईला विचारलं होतं की हे पाहुणे कधी जाणार. रियाज तेव्हा हसला होता, पण परत येताना विमानात त्याला जेवण गेलं नव्हतं. फोरमन झाल्यावर फॅमिली व्हिसा मिळाला आणि मायलेकी दोहाला आल्या. आता माहिरा बारावीत होती. बापाने कोकणीत विचारलं की ती इंग्रजीत उत्तर द्यायची, आणि रियाजला त्याचंही कौतुक होतं.

त्या वर्षी कंपनीने त्याला मदिनत खलीफा भागातल्या एका व्हिलाच्या कामावर पाठवलं. घर आणि बाहेरची मजलिस, म्हणजे पाहुण्यांची बैठक, यांना जोडणारा वरच्या मजल्यावरचा पूल होता, आणि त्याच्याखाली मालकाला कमान हवी होती. अशा कमानी रियाजने पुष्कळ पाहिल्या होत्या. वरती काँक्रीटचा बीम सगळं वजन घेतो आणि खाली जिप्समची कमान नुसती नटून उभी राहते. पण इथली आर्किटेक्ट सल्वा नावाची ट्युनिशियाची बाई होती. तिने मालकाला सांगितलं की वजन जो घेतो तोच दिसला पाहिजे. कमान दगडाची होईल, खरी होईल, आणि पूल तिच्याच अंगावर बसेल. लोखंड एक कांडीही नाही. मालकाने बराच विचार केला आणि हो म्हटलं.

रियाजने मात्र लगेच नाही म्हटलं. लोखंड नाही तर पडेल, एवढं त्याला कळत होतं. सल्वा रागावली नाही. तिने त्याच्याच टेबलावरचे लाकडाचे तुकडे घेतले, एका बाजूने निमुळते कापून घेतले आणि रियाजचा चहाचा थर्मास आडवा ठेवून त्याच्यावर गोलाकार रचले. दोन्ही टोकांना दोन विटा लावल्या. शेवटचा तुकडा मधोमध बसवला आणि थर्मास हळूच ओढून घेतला. तुकडे जागचे हलले नाहीत. मग ती म्हणाली, आता वरून दाब. रियाजने आधी बोटाने, मग तळव्याने दाबलं. जितकं दाबावं तितके ते एकमेकांना घट्ट धरत होते. रियाज थर्मास घ्यायचाही विसरला.

मग चहाच्या सुट्टीत रोज मोडक्यातोडक्या इंग्रजीत शाळा भरायची. सल्वाचं बालपण एल जेम नावाच्या गावात गेलं होतं. तिथे रोमन लोकांनी बांधलेला झुंजींचा अवाढव्य आखाडा आहे, कमानींवर कमानी चढवलेला. तिच्या शाळेची वाट त्याच्या सावलीतून जायची. तिने त्याला मोबाइलवर डोंगरातलं पाणी शहरापर्यंत नेणारा कालवाही दाखवला. माळरानावरून कमानींची रांग चालली होती, लांबच लांब. रियाज म्हणाला, किती शोभा केली आहे. सल्वा म्हणाली की शोभा कुणी केलीच नाही. पाणी वरून न्यायचं होतं, दगड वाचवायचा होता आणि वाऱ्याला वाट द्यायची होती, म्हणून मध्ये मोकळं सोडलं. जे नीट उभं राहिलं ते सुंदर दिसलं. रियाजला हे फार पटलं. घरी जाऊन त्याने ते अनीसाला सांगितलं, तेव्हा ती म्हणाली की आमच्या मोरीत पाणी तुंबलंय, त्याचं बघा आधी.

साचा रियाजने स्वतः केला. राजस्थानी गवंड्यांनी दोन्ही बाजूंनी दगड चढवत आणले. कमान जिथून वळायला लागते तिथले दोन दगड त्यांनी भिंतीबाहेर टिचभर पुढे ठेवले होते आणि रियाजच्या साच्याला त्यांच्यावर टेकायला आयती जागा झाली होती. मध्ये त्याने लाकडी पाचरी मारल्या. शेवटी एका दुपारी माथ्यावरचा कळीचा दगड बसला. गवंड्यांनी गूळ वाटला आणि रियाज पाणी प्यायला सावलीत गेला.

तिथेच त्याने ते ऐकलं. भिंतीपलीकडे सल्वा फोनवर मालकाशी अरबीत बोलत होती. आपलं नाव आलं म्हणून रियाजचे कान टवकारले. “रियाज,” मग काहीतरी भरभर, मग “अल-अक्द खलास,” मग “बुकरा.” तेवढ्यात कुणीतरी दगड कापायचं मशीन चालू केलं आणि पुढचं सगळं त्यात गेलं.

रियाजला यातला प्रत्येक शब्द येत होता, हीच तर पंचाईत. अक्द म्हणजे काँट्रॅक्ट. त्याच्या स्वतःच्या काँट्रॅक्टच्या पहिल्या पानावर वरती तोच शब्द होता. खलास म्हणजे संपलं आणि बुकरा म्हणजे उद्या. शहरातल्या मुशैरिब भागातलं मोठं काम उरकल्यावर कंपनीने आधीच काही माणसं कमी केली होती, आणि रोज सकाळी बसमध्ये आता कुणाचा नंबर याचीच चर्चा असायची. आपला लागला, एवढंच रियाजच्या डोक्यात आलं. भिंतीपलीकडून येताना सल्वा त्याला बघून हसली आणि “शुक्रन, रियाज” म्हणाली. त्या आभारांनी त्याला उरलंसुरलं पटलं.

घरी आल्यावर त्याने बूट काढता काढता सांगून टाकलं की अक्द खलास झालं. अनीसा भाकऱ्या थापत होती. रत्नागिरीच्या मुसलमान घरात अक्द म्हणजे निकाह, दुसरं काही नाही. तिने मान वर न करता विचारलं, कुणाचं झालं? आमाला बोलावणं नाय ते? रियाजला हसूही येईना. त्याने समजावून सांगितलं तेव्हा तिने तवा उतरवला आणि गॅस बंद केला.

काँट्रॅक्ट गेलं म्हणजे काय, हे त्या घरात कुणाला फोडून सांगायची गरज नव्हती. दुसरं काम रियाजला मिळालंही असतं, पण फॅमिलीला ठेवता येईल असं मिळेलच याची खात्री नव्हती. म्हणजे मायलेकी गावाला, रियाज कुठल्यातरी कॅम्पात, आणि पुन्हा तोच फोनवरचा संसार. माहिरा म्हणाली, “अब्बा, डोन्ट वरी, आय कॅन फिनिश फ्रॉम देअर,” आणि उठून आतल्या खोलीत गेली. तिने दार लावून घेतलं, आणि ते दार एरवी दिवसभर उघडं असायचं.

रियाज तक्रारीची वाट बघत बसला. आता ही म्हणेल, मी सांगत नव्हते? तसं काही झालं नाही. अनीसाने स्टुलावर चढून कपाटावरची सूटकेस खाली काढली, फडक्याने पुसली, आणि तिच्यावरच बसली.

“तुमाला एक सांगू?” ती म्हणाली. “मी आज इतकी वर्षं कुरकुर करतंय, ती ऐकून घ्यायला तुमी समोर हाव म्हणून करतंय. गावाला असताना मी कुणाकडं कुरकुर केली नाय. हितं आल्यावर मला नवरा मिळाला. त्याआधी नुस्ता पासपोर्टवर होता. अल्लाने इतकी वर्षं दिली, माझी काय तक्रार नाय.”

रियाज उठला. तो हात धुवायला गेला आणि बराच वेळ नळ चालू ठेवून उभा राहिला.

सकाळी तो नेहमीच्या बसच्या आधीच साइटवर पोचला. काँट्रॅक्ट गेलं तर गेलं, पण साचा दुसऱ्या कुणाच्या हातून निघाला आणि त्याने एकाच बाजूच्या पाचरी धाडधाड ठोकून काढल्या, तर कमान वाकडी बसेल, या भीतीने त्याला झोप लागली नव्हती. सल्वा आणि गवंडी आले तेव्हा तो लाकडी हातोडा घेऊन तयारच होता. दोन्ही बाजूंच्या पाचरी त्याने आळीपाळीने, अगदी हलक्या हाताने सैल केल्या. साचा थोडा खाली आला. कमानीतून करकर असा बारीक आवाज झाला, दगड एकमेकांवर रेलले आणि थांबले. साचा आणि कमान यांच्यामध्ये सकाळच्या उजेडाची एक रेघ दिसायला लागली. माथ्यावरचा कळीचा दगड जागच्या जागी होता. गवंड्यांतल्या म्हाताऱ्याने पागोटं काढून दगडाला हात लावला आणि कपाळाला लावला.

साचा बाहेर निघाल्यावर भिंतीबाहेर आलेले ते दोन दगड उघडे पडले. आता यांचं काम संपलं, छाटून टाकू का, असं गवंड्यांनी विचारलं. सल्वा नको म्हणाली. फ्रान्समधल्या एका रोमन पुलावर असे दगड तिने पाहिले होते. सुतारांना साचा टेकवता यावा म्हणून ते पुढे ठेवलेले होते, आणि काम झाल्यावरही कुणी छाटले नव्हते. तिने रियाजकडे वळून सांगितलं की हे तुझे, हे राहतील.

रियाजचे डोळे भरून आले, आणि एकदा भरल्यावर त्याला गप्प बसवेना. हिंदी-इंग्रजीची मोट बांधत त्याने सांगितलं की मॅडम, माझं अक्द खलास झालं तरी राग नाही, या कामावर घेतलंत याचे आभारच मानतो.

सल्वा गोंधळली. कुणी सांगितलं, असं तिने विचारलं. रियाज म्हणाला, तुम्हीच, काल, फोनवर. मग तिने कमानीच्या दगडावर थाप मारली.

“अक्द हा आहे, रियाज.”

रियाजला कमानीचा शब्द माहीत होता तो कौस. इथले सगळे तोच म्हणत. पण ट्युनिशियात, आणि बांधकामाच्या पुस्तकांत, कमानीला अक्द म्हणतात. मूळ अर्थ गाठ. काँट्रॅक्टची गाठ, निकाहची गाठ, दगडांची गाठ, सगळ्यांना शब्द एकच. काल ती मालकाला सांगत होती की कमान झाली, उद्या रियाज साचा काढेल. आणि मालक विचारत होता की भावाच्या घरालाही हाच सुतार मिळेल का, आणि एव्हाना कंपनीने मालकाला होही कळवलं होतं. हे ऐकून गवंडी असे हसले की पलीकडचे ड्रायव्हर बघायला आले. रियाजही हसला, आणि हसता हसता त्याने खिशातून फोन काढला.

अनीसाने सगळं ऐकून घेतलं. थोडा वेळ पलीकडून नुसतं नाक ओढल्याचा आवाज येत होता. मग तिने त्याला झाडलं. म्हणे अरबी येतं. बिल्डिंगीतल्या लोकांना आजच सांगतंय. रातभर माझ्या पोरीला जागवलं, मला जागवलं, आणि कशापायी, तर शिमीट.

“शिमीट नाय, दगड,” रियाज म्हणाला.

“तेच ते. सूटकेस वर टाकतंय मी,” ती म्हणाली. मग आवाज खाली आला. “पण काल बोलले ते बोलले. ते काय परत घेणार नाय.”

सल्वा कॅमेरा घेऊन खोळंबली होती. तिला सुतारासकट कमानीचा फोटो हवा होता. रियाजने हाताने तिला थांबायची खूण केली. तो कमानीखाली जाऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

“अनीसा,” तो म्हणाला, “तू आल्यावर मी हितं राहायला लागलो. त्याआधी मी हितं फकस्त कामाला होतो.”