चाफ्यापाशी पडलेले सुभेदार

मी सिकंदराबादच्या लष्करी इस्पितळात आया होते. वर्दी नव्हती, रँक नव्हती. ड्यूटी होती. सर्जिकल वॉर्ड, सकाळची पाळी. पेशंटवरून नजर हलवायची नाही, ही सिस्टरची पहिली ऑर्डर. चौथी शिकलेल्या बाईला नोकरीभर तेवढी एक पुरली.

रिटायर झाल्यावर घर खायला उठलं. मुलीने तिचा जुना फोन दिला आणि शहरातल्या मोठ्या बागेच्या फुकट ऑनलाइन क्लासला माझं नाव घातलं. दर रविवारी सकाळी सातला. आधी झाडं, मग पाखरं, शेवटी मन शांत ठेवायचं. शिकवायला सुभेदार कदम. पायदळातून रिटायर झालेले, पण बोलणं तेच.

"आवाज येतोय? ओव्हर."

रेल्वेतले रिटायर्ड गार्ड रफीकभाई लगेच म्हणत, "आरा साब. लेकिन मेरा पुदिना छुट्टी पे गया, वापस नईं आया."

"पानी ज्यादा दिए तुम. डुबा दिए जवान को."

सगळे हसत. मी पदराआड हसे. क्लासात मी कधी बोलले नाही. रोल कॉलला माझं नाव आलं की नुसता हात वर करायची. "राधाबाई प्रेझेंट," असं साहेबच म्हणत आणि पुढचं नाव घेत. त्याचं मला फार बरं वाटे.

त्या रविवारी साहेबांनी बागेत फोन स्टँडला लावला. मागे चाफा, चाफ्याला दगडी ओटा.

"आता पाच मिनिटं डोळे बंद. बाग ऐका. मी सांगेपर्यंत कुणी उघडायचे नाहीत. तुमचे सगळ्यांचे माइक मी बंद करतोय."

सगळ्यांनी मिटले. मला वॉर्डाची सवय, माझे उघडेच राहिले.

साहेब ओट्यावर बसले. डावा खांदा चोळला. सकाळ गार होती, तरी कपाळावर घाम. तसला घाम मी वॉर्डात पाहिला होता. मग ते एका बाजूला कलले आणि चित्रातून गेले. ओट्याच्या कडेला एक बूट तेवढा दिसत राहिला.

मी ओरडले. माइकवर लाल रेघ होती. दाबली, दाबली, जाईना. साहेबांनी बंद केलेला माइक साहेबांशिवाय उघडत नव्हता. मी दोन्ही हात हलवले. प्रत्येक चौकटीत माणसं डोळे मिटून बसलेली. रफीकभाई गालात हसत होते. फोनमधून बुलबुलाचा आवाज येत होता.

फोन हातात धरूनच शेजारच्या लक्ष्मीअम्माकडे धावले. तिच्या फोनवरून तिने अँब्युलन्सचा एकशे आठ लावला आणि माझ्या कानाला धरला.

"गेट कौनसा, अम्मा?"

"पीछे चाफा है. ओटा है."

"बाग बहुत बड़ा है, अम्मा. गेट बोलो."

मला गेट माहीत नव्हता. मी त्या बागेत कधी पाय ठेवला नव्हता. बाग मी फोनवरच पाहिलेली.

"बड़ा चाफा है," मी परत म्हणाले. "जल्दी भेजो."

पाच मिनिटं कधीच होऊन गेली असतील. साहेबांची ऑर्डर आली नाही, म्हणून कुणी डोळे उघडले नाहीत. शेवटी रफीकभाईंनी एक डोळा किलकिला केला. त्यांना माझे हात दिसले. मग ओटा, मग बूट. तेही ओरडू लागले. मग एकेक जण. सगळ्यांची तोंडं हलत होती. कुणाचं कुणाला ऐकू येत नव्हतं.

बऱ्याच वेळाने बागेचा माळी चित्रात आला. हातातली झारी टाकून वाकला. "साब! साब!" ही हाक मात्र आम्हा सगळ्यांना ऐकू आली.

गाडी आधी दुसऱ्याच गेटवर जाऊन उभी राहिली होती, असं नंतर कळलं. इस्पितळात पोचेपर्यंत साहेब गेले होते.

पुढच्या रविवारी नवीन मॅडम आल्या. तरुण होत्या. त्यांनी सुभेदार कदमांचं नाव घेतलं आणि म्हणाल्या, "दोन मिनिटं मौन. सगळ्यांनी डोळे मिटा."

कुणीच मिटले नाहीत. रफीकभाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण त्यांनी ते पुसलंसुद्धा नाही. आम्ही एकमेकांकडे बघत बसलो.

मॅडमनी आपले मिटले होते. मग त्यांनीही डोळे उघडले.