स्पेनच्या विहीणबाईंचं नातं

सोमवार, दुपारचं जेवण, मुक्काम महाळुंगे पडवळ. हजर: थोरले दीर, जाऊबाई, त्यांचा मुलगा, त्याची स्पॅनिश बायको, तिची आई म्हणजे विहीणबाई, आणि वाढायला मी.

आमच्या थोरल्या दिरांना ज्याचं नातं लावता येत नाही, असा माणूस जुन्नर-आंबेगावात अजून जन्मायचा आहे. अनोळखी माणूस दिसला की ते त्याच्या मामाचं गाव विचारतात, मग आत्याचं, आणि चहा निवायच्या आत तो पाहुणा झालेला असतो. बेल्ह्याच्या बाजारात बैल घेताना विकणाऱ्याची मावशी त्यांनी आमच्या आजेसासूबाईंच्या माहेरात शोधून काढली. मग घासाघीस कसली करता? तो बैल औत दिसलं की खाली बसतो. "पावण्यांचा हाय, बसू द्या," म्हणतात.

अशा माणसाच्या मुलानं लग्न केलं स्पेनमध्ये. विहिणीशी कुठूनच नातं लागेना, तेव्हा माणसांचं नाही तर शब्दांचं लावू म्हणून दिरांनी शब्दकोश मागवले. चावी पोर्तुगालची लेक, स्पेनची 'यावे' तिची चुलत बहीण, इटलीची 'क्यावे' दुसरी, फ्रान्सची 'क्ले' जरा वाळलेली, आणि लॅटिन 'क्लाविस' सगळ्यांची आजी. साबणाला स्पेनमध्ये 'खाबोन' नावाचा भाऊ निघाल्यापासून ते साबण दोन्ही हातांनी उचलतात. इंग्रजी 'सोप'सुद्धा भावकीतलाच, पण "लांबचा. लग्नाला बोलवायचा, मानपान न्हाई."

विहीणबाई मात्र आल्यापासून गप्प. त्या दिवशी जेवताना त्या लेकीशी हळूच काही बोलल्या. सुनेनं सांगितलं, आईला लवकर परत जायचंय. म्हणते, इथं मी कुणाची कुणीच नाही.

दिरांनी हातातला घास ताटात ठेवला. उठून त्यांनी पाहुण्यांच्या खोलीचं दार खिळखिळं करून उतरवलं आणि एक बिजागरी विहीणबाईंच्या तळहातावर ठेवली.

"हिला काय म्हणता, ईनबाई?"

"बिसाग्रा."

"आमी बिजागरी. हिची आई कोण, ह्ये पंडितांनाबी नक्की ठावं न्हाई. मंग आपल्याच दोघांच्या घरातली आसंल."

सुनेनं ते सांगितलं आणि विहीणबाई डोळ्यांतून पाणी येईतो हसल्या. मग स्वतःच अंगणात जाऊन, रोज नाव कानावर पडणाऱ्या घमेल्यावर टिचकी मारून "गामेया" म्हणाल्या. ठरलेले सगळे दिवस त्या राहिल्या.

जाताना बिजागरी घेऊन गेल्या. जोडीतली दुसरी दिरांच्या खिशात असते. नवी जोडी मंचरला मिळते, पण ते आणू देत नाहीत. दार बसवायचं तेवढं राहिलंय.