वाकडी रेषा

आमच्या रस्त्यावरचे घड्याळजी जगाकडे उजव्या डोळ्याने बघत. डाव्याला त्यांनी जन्मभर मिटायचंच काम दिलं होतं. दुकान बंद केल्यावरही उजव्या डोळ्याभोवती भिंगाचं लालसर वर्तुळ राहायचं. माझं घड्याळ मागे पडतं अशी तक्रार केली, की म्हणायचे, "बाई, घड्याळ बरोबर आहे. तुमची शाळाच लवकर भरते."

त्यांच्या बायकोला मासे पाळायची हौस. घरात खाऱ्या पाण्याची काचेची टाकी होती आणि तीत नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेली एक जोडी. मोठी मादी ती बाईसाहेब. तिच्या धाकात राहणाऱ्या छोट्या नराचं नाव बायकोने ठेवलं होतं "अहो". "अहो म्हटलं की मासा वळतो, हे काही वळत नाहीत," असं ती नवऱ्यासमोरच सांगायची. इस्पितळात शेवटी शेवटी ती त्यांना म्हणाली, "मीठ तेवढं बघत जा. बाकी त्यांचं ते बघतील." त्यानंतर ती घरी आली नाही.

घड्याळजींनी मीठ बघायला घेतलं. टाकीतलं पाणी उडून जातं, मीठ मात्र मागे राहतं, म्हणून रोज थोडं साधं पाणी घालावं लागतं. आणि मीठ मोजावंही लागतं. त्यासाठी त्यांच्याकडे एक वीतभर नळी होती. एका टोकाच्या काचेवर टाकीतल्या पाण्याचा थेंब टाकायचा, दुसऱ्या टोकाला डोळा लावायचा. आत वर निळं, खाली पांढरं दिसतं. दोहोंमधली रेषा जितकी वर, तितकं मीठ जास्त. शुद्ध पाण्याचा थेंब टाकला तर रेषा शून्यावर हवी. नसेल तर नळीवरचा बारीक स्क्रू फिरवून ती शून्यावर आणायची. स्क्रू फिरवायचा म्हटल्यावर घड्याळजींना ती नळी घरच्या माणसासारखी वाटू लागली.

एका उन्हाळ्यात ती रेषा त्यांना वाकडी दिसायला लागली. शुद्ध पाण्यातही मधोमध फुगवटा, शून्याच्या वर चढलेला. जन्मभर त्यांच्यासमोर जे बिघडून आलं ते यंत्रच होतं. बघणारा डोळा बिघडू शकतो, हे त्यांच्या मनातही आलं नाही. त्यांनी पेचकस घेतला आणि फुगवटा शून्यावर बसेपर्यंत स्क्रू फिरवला. म्हणजे खरी रेषा शून्याच्या खाली गेली. आकडे ते कडेला वाचत, जिथे रेषा सरळच दिसे; त्यामुळे त्या दिवसापासून नळी मीठ कमी दाखवू लागली आणि घड्याळजी टाकीत मीठ वाढवू लागले.

बाईसाहेबांनी खाणं सोडलं. कोपऱ्यात एका जागी राहून ती भराभर कल्ले हलवायची. घड्याळजींची मुलगी बेकरीत कामाला होती, दुपारी घरी यायची.

"बाबा, हिला धाप लागल्यासारखं का होतंय?"

"मीठ कमी पडतंय. तुझी आई असती तर एव्हाना माझी खरडपट्टी काढली असती."

"परवाच घातलंत ना?"

"मोजून घालतोय गं. चिमटीने नाही."

पुन्हा मीठ पडलं. एका दुपारी मुलगी आली तेव्हा बाईसाहेब दगडामागे आडवी पडली होती आणि अहो तिच्याभोवती घिरट्या घालत होता. मुलीने नळी उचलली, शुद्ध पाण्याचा थेंब टाकला.

"बाबा, ही रेषा शून्यावर हवी ना?"

"हो. मीच लावलीय."

"ही तर पार खाली आहे."

"नीट बघ. मधे फुगलेली दिसत नाही तुला?"

तिने वडिलांकडे पाहिलं. मग हाताला धरून त्यांना खिडकीशी नेलं. "डावा डोळा मिटा. गज कसे दिसतात?"

त्यांनी एकेक गज वरपासून खालपर्यंत पाहिला. "वाकलेत," म्हणाले. "कोणी वाकवले?"

"बाबा, गज सरळ आहेत."

डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, की उजव्या डोळ्याचा पडदा मधोमध खराब झालाय आणि डाव्यावरही लक्ष ठेवावं लागेल. "रेषा वाकडी दिसली तेव्हाच आला असतात, तर इंजेक्शनं देऊन थांबवता आलं असतं."

"तेव्हा मी स्क्रू फिरवत होतो," घड्याळजी म्हणाले.

दुकान बंद झालं. मुलीने स्क्रू जागेवर आणला, रोज थोडं खारं पाणी काढून साधं घालत मीठ हळूहळू उतरवलं. अहो जगला. घड्याळजी आता डाव्या डोळ्याने मोजू लागले. पण नळी हातात आली की सवयीने डावाच मिटायचा. मग उजव्यावर तळहात ठेवून ते बघायचे.

गेल्या हिवाळ्यात मी त्यांच्याकडे गेले होते. तळहात उजव्या डोळ्यावर ठेवून ते नळीतून बघत होते. फार वेळ बघत राहिले. मग तसंच वळून त्यांनी खिडकीच्या गजांकडे पाहिलं. पेचकस शेजारच्या फळीवरच होता. त्याला त्यांनी हात लावला नाही.

"बघ गं," नळी मुलीकडे देत ते म्हणाले, "सरळ आहे ना?"

तिने डोळा लावला. "सरळ आहे, बाबा. हवी तिथेच आहे."

ते खुर्ची चाचपत बसले. मुलगी नळी परत देऊ लागली, तर त्यांनी तिचा हात हलकेच मागे सारला.

"तुझ्याकडेच राहू दे," ते म्हणाले. "मीठ तेवढं बघत जा."

मुलीने नळी पुसून फळीवर ठेवली आणि डॉक्टरांना फोन लावायला आतल्या खोलीत गेली.