बिशरीची भिंत

आमच्या गावात कोण काय आहे हे भिंतीवरून कळतं. मक्केला जाऊन आलेल्याच्या घरावर जहाज, विमान, काबा असं सगळं ठसठशीत रंगवलेलं असतं. जादकाका रंगारी हे काम माणूस परत यायच्या आतच उरकतो, म्हणजे नाईलच्या होडीतून पायउतार होताच त्याला आपली भिंत दिसते. बाकीच्यांच्या भिंती कोऱ्या. दहबाची भिंतही कोरीच होती. तिचा नवरा जाऊ जाऊ म्हणता म्हणता गेला तो थेट वरच.

तिचा एकुलता एक मुलगा बिशरी. लहानपणी शेजारच्या भिंतीवरच्या जहाजासमोर तासन्‌तास बसून राहायचा.

"काका, हे कुठं जातं?"

"मक्केला."

"आणि पुढं?"

"पुढं माझा रंग संपतो," जादकाका वैतागून म्हणायचा.

हे उत्तर बिशरीला काही पटलं नाही. मिसरूड फुटायच्या आत त्यानं सुएझ गाठलं. मालवाहू जहाजावर भांडी घासता घासता आचारी झाला आणि सगळी पृथ्वी पालथी घातली. योकोहामा म्हणू नका, सिडनी म्हणू नका. जगाला वळसा घालून आलेला आमच्या गावातला तो पहिलाच माणूस. पण गावाला त्याचं काय? घरी आला की तो रंगून सांगायचा, तिकडं नदी गोठते, लोक तिच्यावरून चालत जातात. म्हातारे ऐकून घ्यायचे आणि विचारायचे, "बरं, आणि मक्का?"

मक्का तेवढी राहिली होती. त्याचं जहाज बहुतेक खेपांना मक्केच्या बंदरासमोरून, जेद्दासमोरून जायचं. पुढच्या वेळी नक्की, असं तो मनाशी म्हणायचा, आणि पुढच्या वेळी एखादं नवंच बंदर त्याला खुणावायचं.

एका वर्षी सुएझच्या धक्क्यावर त्याला गावाकडचा माणूस भेटला. बिशरीनं निरोप दिला, "आईला सांग, जहाजावर चढतोय, दोन-तीन महिन्यांत येतो." हजचा महिना तोंडावर आलेला, आणि मक्केची जहाजं सुएझहूनच सुटतात. सुएझ, जहाज आणि हा महिना! आमच्या लोकांना आणखी काय हवं? दहबा दारोदार सांगत सुटली आणि जादकाका शिडी घेऊन हजर झाला. बिशरी तेव्हा अर्जेंटिनातल्या ब्युनॉस आयर्सच्या वाटेवर खलाशांसाठी कांदे चिरत होता.

तो परतला तेव्हा काठावर डफ वाजत होते, बायका खजूर उधळत होत्या. "हाजी बिशरी आला," असा एकच गलका झाला. त्यानं वर पाहिलं. त्याच्या घराच्या भिंतीवर जहाज होतं, विमान होतं, मधोमध काळा काबा होता. लहानपणापासून त्याला हीच भिंत हवी होती.

"आता कुणापुढं मान खाली घालायला नको," दहबा त्याला कवटाळून म्हणाली.

गप्प बसावं का? कोण जाणार होतं शोध घ्यायला? पण अंगणात पेले मांडून झाले होते. मक्केहून आलेला माणूस जमजमच्या विहिरीचं पाणी आणतो, प्रत्येकाला घोटघोट देतो. सगळ्यांच्या पुढं सक्कीना म्हातारी पेला धरून बसलेली.

"माझ्या गुडघ्यांसाठी दुआ मागितलीस ना रे बाळा?"

माठ हाताशी होता. नाईलचं पाणी दिलं असतं तरी कुणाला कळलं नसतं. बिशरीनं माठ उचललाही. मग म्हातारीच्या तोंडाकडं पाहिलं आणि खाली ठेवला.

"मी मक्केला गेलोच नव्हतो."

डफ थांबले. "मग माझा काबा?" एवढंच जादकाकाच्या तोंडून निघालं.

दहबा आत गेली, चुन्याची बादली आणि कुंचा घेऊन आली. लेकाकडं न बघता तिनं काब्यावर चुना फिरवला. विमानावर फिरवला. जहाजाशी तिचा हात थांबला.

"हे राहू दे. हे खोटं नाही," ती म्हणाली. मग डोळे पुसून लोकांकडं वळली. "आलाच आहात तर जेवून जा. रस्सा काय आता मी नदीत ओतू?"

सगळे जेवले. "जग फिरला मेला, माझे गुडघे तेवढे विसरला," असं सक्कीना प्रत्येक घासाला म्हणत होती.

लोक पांगल्यावर दहबा म्हणाली, "पुढच्या वर्षी मला घेऊन चल. सगळी बंदरं तुझ्या ओळखीची. हे एकच आपल्या दोघांना नवं."

गेले की मग दोघं. जहाजावर बिशरी सारखा भटारखान्यात जाऊन मिठाची चव बघायचा आणि आई त्याला दंडाला धरून बाहेर आणायची. मक्केच्या गर्दीत हा जगप्रवासी हरवला. आयुष्यात नदीपलीकडं न गेलेल्या दहबानं हाका मारमारून त्याला शोधून काढलं.

परत आले तर भिंत पुरी झालेली. जहाजावर पुढं दहबा, चांगली ऐसपैस.

"काका, मी कुठाय?"

"तो काय मागं, गाठोडं घेतलेला. जग फिरलास, एवढं ओझं उचलशील की."

सक्कीना पेला घेऊन सगळ्यांच्या पुढं उभी होती. बिशरीनं तो काठोकाठ भरला.

"या खेपेला मागितलंस का?"

"आधी तुझ्या गुडघ्यांसाठी मागितलं, आजी," बिशरी म्हणाला. "बाकीचं जग नंतर."