ऑइलपेंटमधला अंगठा

शेजारी रंगकाम निघालंय. टर्पेंटाइनचा वास घरभर पसरला, तशी मी कपाटातली लाकडी आगबोट बाहेर काढली.

नौपाड्यातल्या घरी माझ्या जुळ्या भावाने, बाळूने, ती सुटे तुकडे जोडून केली होती. रंग द्यायच्या आधीच तो तापाने गेला. तेरावं झाल्यावर बाबा मला घेऊन रंगाच्या दुकानात गेले.

"लॅकर चमकतं, पण तडकतं," दुकानदार म्हणाला. "ऑइलपेंट न्या. वाळायला वेळ लागेल, पण पोपडे येणार नाहीत."

"टिकणाराच द्या," बाबा म्हणाले.

बाबांनी बोट निळी रंगवली, कपाटात ठेवली आणि किल्ली जानव्याला बांधली. सकाळी उघडलं तर ओल्या रंगात अंगठ्याचा ठसा होता आणि त्यात आडवा व्रण. लाकूड तासताना बाळूला कापलं होतं, तिथेच.

बाबा ब्रश शोधू लागले. आई म्हणाली, "अहो, राहू दे तो."

रंग वाळल्यावर मी घाबरत ठशावर माझा अंगठा ठेवला. माझ्याएवढाच होता.

रंग खरंच टिकला, कुठे टवकाही उडालेला नाही. आता मला पणतवंडं आहेत, बोटं जाड झाली आहेत. मघाशी पुन्हा अंगठा ठेवून पाहिला.

ठसा अजूनही माझ्याएवढाच आहे.