चेहरा शोधणारा कॅमेरा

मी पंचवटीतला भटजी. आता माझे निम्मे यजमान परदेशात बसून लॅपटॉपसमोर पूजा करतात. मी ताम्हनावर वाकलो की त्यांना माझी नुसती शेंडी दिसायची. म्हणून दुकानात तासभर डोकं खाऊन एक वेबकॅम निवडला.

"गुरुजी, हाच घ्या. चेहरा शोधतो आणि आपोआप वळतो," दुकानदार म्हणाला.

पहिल्यांदा तो लावला वडिलांच्या श्राद्धाला. धाकटा भाऊ परदेशातून बघत होता. मी संकल्प सोडला आणि कॅमेऱ्याने मान फिरवली, ती थेट चौरंगावरच्या फोटोकडे. फोटोत माझ्यासारखंच खांद्यावर उपरणं घेतलेले वडील. मी कॅमेरा हाताने माझ्याकडे वळवला, तर तो पुन्हा तिकडेच. तिसऱ्यांदा तेच झालं तेव्हा माझं डोकं फिरलं. समोर जिवंत माणूस बसलाय, तो याला दिसत नाही? फोटो उचलला, आतल्या खोलीत पालथा ठेवला आणि परत पाटावर येऊन डोळे मिटून बसलो.

कॅमेरा हळूच वळल्याचा आवाज आला.

"हां," भाऊ म्हणाला, "आता बाबा नीट दिसतायत. पण दादा, तू कुठे गेलास?"